कॉमिक्सच्या चित्रकाराला पहिल्यांदा भेटताना: बडोद्याहून निघणाऱ्यांसाठी

कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, पहिल्यांदा जाणारा माणूस आत शिरतो तो थेट गर्दीच्या दिशेने. मोठं स्टेज, वेशभूषा करून आलेली मुलं, टी-शर्टांचे ढीग. मजा येतेच. पण हॉलच्या एका बाजूला टेबलांची एक रांग असते, तिला सगळे ‘आर्टिस्ट अ‍ॅली’ म्हणतात. एकेका टेबलामागे एकेक चित्रकार, पुढ्यात त्याची पुस्तकं, प्रिंट्स (चित्रांच्या छापील प्रती), एखादी उघडी स्केचबुक. ज्याच्या हातची चित्रं आपण वाचली तो माणूस तिथे दोन हातांवर बसलेला असतो आणि वाचकांशी बोलायलाच आलेला असतो. तरीही बरेच नवखे त्या टेबलांकडे कडेकडेने बघत पुढे सरकतात. बोलायचं काय, हेच सुचत नाही.

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागातल्या मराठी घरांतून मुंबईच्या कॉनला जाणारी मुलं आणि त्यांच्याबरोबर जाणारे मामा-मावश्या मला नेहमी विचारतात, की तिथे जाऊन नक्की करायचं काय. त्यांना सांगते तेच इथे सविस्तर लिहिते. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते: जाताना एक पान मनात घेऊन जा. चित्रकाराच्या पुस्तकातलं एक पान, त्यातली एक चौकट आणि तिच्याबद्दलचा एक प्रश्न. एवढी तयारी असली की बाकीचं जमून जातं.

आधी घरी: एक पुस्तक, एक पान

कॉनच्या आधी आयोजक येणाऱ्या चित्रकारांची यादी जाहीर करतात. त्यातले दोन किंवा तीनच निवडा. वीस टेबलं फिरायचं ठरवलंत तर कुणाशीच धड बोलणं होत नाही. निवडलेल्यांचं प्रत्येकी एक पुस्तक मिळवा आणि पूर्ण वाचा. पहिल्या वाचनात गोष्ट वाचा. दुसऱ्यांदा वाचताना शब्द बाजूला ठेवून नुसती चित्रं बघत जा. कुठे डोळा थांबला, कुठे पान उलटायची घाई झाली, तिथे पेन्सिलीने बारीक खूण करा.

पुस्तकाच्या सुरुवातीला नावं दिलेली असतात, ती नीट वाचा. पटकथा कुणाची, पेन्सिलीचं काम कुणाचं, शाई कुणी फिरवली, रंग कुणाचे, संवादांच्या फुग्यांतली अक्षरं कुणाची. ही पाच कामं पाच वेगवेगळ्या माणसांची असू शकतात. ज्याने शाईचं काम केलंय त्याच्यापुढे जाऊन रंगांचं कौतुक केलंत तर त्या बिचाऱ्याला काय बोलावं ते कळत नाही.

हे मी आग्रहाने सांगते, कारण आपल्याकडे कॉमिक्सचे चित्रकार फार काळ बिनचेहऱ्याचे राहिले. ‘अमर चित्र कथा’ १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केली. आपल्यापैकी कितीतरी जणांचे राम, कृष्ण, शिवाजी महाराज त्या पानांवरूनच डोळ्यांसमोर उभे राहतात. पण ती पानं राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांनी काढली, हे किती घरांत माहीत असेल? ‘टिंकल’मधला सुपंडी वाईरकरांच्या हातचा. ‘इंद्रजाल’ अंकांत वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) शेजारी येऊन बसलेला आपला देशी बहादूर आबिद सुरती यांनी लिहिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी तो चितारला. आम्ही ते अंक फाटेपर्यंत वाचले, पण चितारणाऱ्याचं नाव शोधलं नाही आणि त्याला भेटायची सोयही नव्हती. भारतातलं पहिलं कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटला भरलं. तिथे अनंत पै यांना जीवनगौरव देण्यात आला आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, ते गेले. आज ही टेबलं आहेत, त्यांच्यामागे माणसं आहेत, तर नावानिशी ओळखून जाऊया.

आता प्रश्नाबद्दल. ‘तुमची चित्रं फार छान आहेत’ असं म्हटलं की चित्रकार हसून ‘थँक्यू’ म्हणतो आणि बोलणं तिथेच संपतं. ‘तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?’ हा प्रश्न त्याने सकाळपासून अनेकदा ऐकलेला असतो. त्याऐवजी खूण केलेलं पान उघडा. समजा एका पानावर मुलगा स्टेशनवर वडिलांची वाट बघतोय आणि सलग तीन चौकटींत एकही शब्द नाही. विचारा, ‘या तीन चौकटींत काहीच संवाद नाहीत, ते पटकथेतच तसं होतं की तुम्ही ठरवलंत?’ किंवा, ‘इथे गाडी उजवीकडून का येते?’ आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे उजवीकडून येणारी वस्तू नजरेला आडवी येते. चित्रकार हे मुद्दाम करतो. असं काही तुमच्या लक्षात आलंय हे दिसलं की तो खुर्ची पुढे ओढतो.

प्रश्न वहीत लिहून ठेवा. ऐन वेळी गर्दीत आठवत नाही.

बडोद्यातच सराव

चित्रकाराशी बोलायचा सराव करायला आपल्या गावासारखं गाव नाही, असं मला मनापासून वाटतं. कालाघोड्याजवळ पुष्पबागेत महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स आहे. दरवर्षी परीक्षेच्या सुमारास तिथे विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन लागतं, ‘अ‍ॅन्युअल डिस्प्ले’. स्टुडिओंमधून फिरता येतं, मुलंमुली आपापल्या कामाजवळ उभी असतात. तिथे एखाद्या छापचित्रासमोर थांबा आणि विचारा, ‘ही रेघ कशी आली?’ समोरचं पोरगं तुम्हाला जस्ताची पाटी, आम्ल, रोलर सगळं समजावून सांगेल. आपला प्रश्न नेमका असला की माणूस कसा खुलतो ते एकदा अनुभवलंत की मुंबईत भीड चेपलेली असेल.

याच फॅकल्टीत ‘फाइन आर्ट्स फेअर’ची परंपरा आहे. शिक्षक आणि विद्यार्थी स्वतः बनवलेली खेळणी, चित्रं, वस्तू मांडून स्वतः विकायचे. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या मोठ्या चित्रकाराने त्या निमित्ताने मुलांसाठी चित्रपुस्तकं केली. चित्रकाराने स्टॉल मांडून आपलं काम लोकांच्या हातात द्यायचं, ही रीत बडोद्याला जुनीच आहे.

आणि शक्य असेल तर रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघून या. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. बाहेरून साधा लाकडी वाडा, आत भिंतीच भिंती रंगवलेल्या. महाभारत, कृष्णलीला, इंग्रज-मराठ्यांची युद्धं. मुलांना बरोबर न्या आणि एकाच भिंतीपुढे दहा मिनिटं उभं करा. आधी काय घडलं, मग काय घडलं, हे चित्रकाराने कशावरून कळवलंय ते शोधायला सांगा. कोण कुणाकडे बघतोय, कुणाचा हात कुठे रोखलाय, घोडं कुठल्या दिशेला तोंड करून आहे. कॉमिक्सचं पान वाचायला याहून चांगला धडा नाही. जायच्या आधी उघडण्याच्या वेळा विचारून घ्या.

पिशवीत काय

सही घ्यायचं पुस्तक घरूनच न्या, पण एका चित्रकारासाठी एक किंवा दोनच. पंधरा अंकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला की मागची रांग अडते. पुस्तक प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात घाला आणि मागे कडक पुठ्ठा सरकवा. स्टेशनरीच्या दुकानात फाइलची पाकिटं मिळतात तीही चालतात. प्रिंट आणायचा विचार असेल तर पुठ्ठ्याची नळी किंवा ए-थ्री फोल्डर हवाच. गुंडाळून रबरबँड लावलेला प्रिंट परतीच्या गाडीत हमखास चुरगळतो.

पेन स्वतःचं ठेवा. गुळगुळीत मुखपृष्ठावर साधं बॉलपेन उमटत नाही आणि जेल पेन पुसलं जातं, तिथे पर्मनंट मार्कर लागतो. गडद रंगाच्या मुखपृष्ठावर चंदेरी किंवा सोनेरी मार्कर उठून दिसतो. आतल्या कागदावर मात्र मार्करची शाई पलीकडे फुटते, तिथे बारीक टोकाचं पिगमेंट पेन घ्या. सही कुठे हवी ते पान आधीच उघडून ठेवा. सही झाली की लगेच पुस्तक मिटू नका, शाई वाळू द्या.

थोडी रोकड बरोबर असू द्या, शंभराच्या आणि दोनशेच्या नोटा. हॉलमध्ये हजारो फोन एकदम चालू असतात, नेटवर्क रडतं आणि यूपीआयचं चक्र फिरत बसतं.

खाऊ न्यावासा वाटतो, ते साहजिक आहे. बडोद्याहून रिकाम्या हाताने कसं जायचं! सीलबंद पाकिटातली भाकरवडी किंवा लीलो चिवडो द्या, निघताना द्या, आणि ‘घरी गेल्यावर खा’ असं म्हणून द्या. टेबलावर मूळ चित्रं पसरलेली असतात. तेलाचं एक बोट कागदावर लागलं तर तो डाग निघत नाही.

गाडी आणि हॉल

बडोद्याहून मुंबई साधारण ३९० किलोमीटर. रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी पोचता येतं. जागा दरवेळी तीच असेल असं नाही, म्हणून तिकिटावरचा पत्ता बघा. गोरेगावचं प्रदर्शन केंद्र असेल तर मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन उलटं येण्यापेक्षा बोरिवलीला उतरून लोकल धरा. दोन-तीन दिवसांचं कॉन असेल तर निवांत बोलण्यासाठी पहिला दिवस निवडा. रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसते.

दारं उघडल्या उघडल्या आत गेलात तर सरळ आर्टिस्ट अ‍ॅली गाठा. स्टेज संध्याकाळपर्यंत कुठे जात नाही. आधी एक फेरी नुसती बघत मारा, आपल्या चित्रकाराचं टेबल कुठे आहे, त्याच्या वेळा काय लिहिल्या आहेत ते बघून ठेवा. चित्रकार जेवायला, बोलायला, व्यासपीठावरच्या कार्यक्रमाला उठून जातात. रिकामी खुर्ची दिसली तर शेजारच्या टेबलावर विचारा, सांगतात.

टेबलासमोर

इथे थोडं थांबून लिहिते, कारण सगळी भीती इथलीच असते.

रांग असेल तर रांगेत उभे राहा. नसेल आणि चित्रकार खाली मान घालून काढत असेल, तर हाक मारू नका. रेघ पूर्ण होऊ द्या. शाईची रेघ एका श्वासात ओढायची असते. हात थांबला, ब्रश बुडवायला गेला किंवा मान वर झाली की बोला.

‘नमस्कार, मी बडोद्याहून आले. तुमचं हे पुस्तक वाचलंय, यातल्या एका पानाबद्दल विचारायचं होतं.’ बस, एवढंच. चित्रकार मराठी असेल तर मराठीतच बोला, त्यालाही बरं वाटतं. नसेल तर हिंदीत. आपलं बडोद्याचं गुजराती वळणाचं हिंदी सगळ्यांना कळतं, त्याचा संकोच नको. वयाने मोठा असेल तर सर किंवा मॅडम, तरुण असेल तर दादा, ताई चालतं, पण ‘तुम्ही’ सोडू नका. ओळख नसताना ‘काका’ म्हणू नये असं माझं मत आहे. तो तिथे आपल्या कामाच्या जागी बसलेला असतो.

मग पान उघडा, प्रश्न विचारा आणि गप्प बसा. उत्तर पूर्ण होऊ द्या. माझ्या भाचीने गेल्या खेपेला एका चित्रकाराला विचारलं, की या पानावर आजीचे हातच का दाखवलेत, चेहरा का नाही. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी टेबलाखालून एक फोल्डर काढला आणि त्याच पानाचा मूळ कागद तिच्यापुढे ठेवला. छापील पानाच्या जवळजवळ दीडपट मोठा. काळ्या शाईखाली फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेघा तशाच होत्या, आणि त्या निळ्या रेघांत आजीचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तो आधी काढला होता, मग चौकटीची कड खाली ओढून वगळला होता. कडेला पांढऱ्या रंगाने बुजवलेली एक चूक, समासात तारीख. भाची बराच वेळ कागदाला नाक लावून बघत राहिली, तेही तिला बघू देत होते.

त्या निळ्या पेन्सिलीचं कारण साधं आहे. छपाईसाठी पानाचा फोटो घेणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांना फिकट निळा रंग दिसत नसे, म्हणून कच्चं रेखाटन निळ्यात करायचं आणि वर काळी शाई फिरवायची. रबराने खोडायची कटकट नाही. आजही अनेक जण सवयीने तसंच करतात. अमेरिकन पद्धतीच्या कॉमिक्सचं मूळ पान साधारण ११ बाय १७ इंचांच्या जाड कागदावर काढतात आणि छापताना ते दोन-तृतीयांशाच्या आसपास लहान होतं, त्यामुळे मूळ पान बघताना रेघेचा जोर वेगळाच दिसतो. अर्थात आता बरेच चित्रकार पूर्णपणे टॅब्लेटवर काम करतात, त्यांच्याकडे मूळ कागद नसतोच. ‘ओरिजिनल आहे का?’ असं विचारायला हरकत नाही, पण ‘नाही’ म्हणाले तर मन खट्टू करून घेऊ नका. कच्ची रेखाटनं दाखवाल का, असं विचारा.

कागदाला हात लावायच्या आधी विचारा. फोटोच्या आधीही विचारा, चित्रकाराचा असो की टेबलावरच्या चित्राचा. अजून न छापलेलं पान असेल तर ते नेटवर टाकू नका.

पाच-सात मिनिटं झाली आणि मागे कुणी येऊन उभं राहिलं की बाजूला व्हा. ‘तुम्ही यांच्याशी बोला, मी नंतर येते’ म्हणा. चित्रकाराला हे फार आवडतं, आणि दुपारी गर्दी ओसरल्यावर परत गेलात तर तो तुम्हाला ओळखतो. खऱ्या गप्पा तेव्हाच रंगतात.

काहीतरी विकत घ्या. मोठं पुस्तक परवडत नसेल तर एखादं पोस्टकार्ड, स्टिकर. टेबलाचं भाडं, छपाई, प्रवास हा खर्च बहुतेकदा चित्रकाराच्या खिशातून होतो. मंगळबाजारातली घासाघीस इथे अजिबात करू नका. किंमत लिहिलेली असते, परवडली तर घ्यायची, नाहीतर नुसतं बोलून निघायचं. नुसतं बोलून निघण्यात कमीपणा नाही.

चित्र काढून हवं असेल तर

याला ‘कमिशन’ म्हणतात. दर टेबलावर लावलेले असतात: नुसता चेहरा, कमरेपर्यंत, पूर्ण आकृती. यादी सकाळीच भरते, त्यामुळे हवं असेल तर आल्या आल्या नाव नोंदवा आणि कधी परत येऊ ते विचारा. कुठलं पात्र, कुठल्या वेशात, हे ठरवून जा. अनोळखी पात्र असेल तर त्याचा छापलेला फोटो न्या. पैसे आधी द्यायचे की नंतर, तेही स्पष्ट विचारून घ्या. चित्र चालू असताना डोक्यावर उभं राहू नका.

फुकट चित्र मागू नका. ‘दोन मिनिटांचं तर काम आहे’ हे वाक्य तर कधीच नको. त्या दोन मिनिटांमागे वीस वर्षांचा हात असतो. सहीबरोबर कुणी आपणहून छोटं रेखाटन करून दिलं, तर ती त्याची मर्जी आणि तुमचं भाग्य.

स्वतःचं काम दाखवायचं असेल तर

बडोद्याची मुलं चित्रं काढतातच, त्यामुळे हा प्रश्न येतोच. गर्दीच्या वेळी फोल्डर पुढे करू नका. पुस्तक घ्या, बोला, मग विचारा: ‘माझी काही पानं बघाल का? आत्ता वेळ नसेल तर कधी येऊ?’ हो म्हणाले तर सहा ते आठ पानं दाखवा, कागदावर छापलेली, फोनवर नाहीत. सुट्या वीरांच्या उभ्या आकृत्या नेऊ नका. गोष्टीची सलग पानं न्या, कारण बघणाऱ्याला चौकटीतून चौकटीत तुम्ही कसे जाता ते बघायचं असतं. त्यात मारामारीबरोबर साधं आयुष्यही असू द्या: दोन माणसं चहा पिताना बोलतायत, खंडेराव मार्केटमधली गर्दी, भाजी निवडणारे हात. हात आणि पाय लपवू नका, सगळे आधी तेच बघतात.

टीका झाली तर बाजू मांडत बसू नका. वहीत लिहून घ्या. आणि स्वतःच्या गोष्टीची कल्पना किंवा पटकथा चित्रकाराच्या हातात कोंबू नका. उद्या त्याच्या पुस्तकात थोडं मिळतंजुळतं काही आलं तर वाद नको, म्हणून अनेक जण ती वाचतच नाहीत.

घरी आल्यावर

सही केलेलं पुस्तक किंवा चित्र लॅमिनेट करू नका. आपल्याकडे गुणपत्रिकेपासून सगळं लॅमिनेट करायची सवय आहे, पण त्या उष्णतेने आणि गोंदाने कागद कायमचा बिघडतो आणि परत सुटा करता येत नाही. फ्रेम करायची असेल तर फ्रेमवाल्याला माउंट लावायला सांगा, म्हणजे काच चित्राला टेकणार नाही. समोरच्या भिंतीवर ऊन येत असेल तर ती भिंत टाळा, मार्करचे रंग उन्हात उडतात. फोल्डर जमिनीवर किंवा पलंगाखाली ठेवू नका. विश्वामित्रीचं पाणी २०१९ मध्ये आणि २०२४ मध्ये किती घरांत शिरलं ते बडोदेकरांना सांगायला नको. कपाटाचा वरचा कप्पा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या.

आणि आठवड्याभरात चित्रकाराला दोन ओळी पाठवा. कार्डावर त्याचा पत्ता असतो. कुठल्या पानाबद्दल बोललो होतो ते लिहा, म्हणजे त्याला आठवेल. पुस्तकाबद्दल कुठे लिहिलंत, तर चित्रकाराबरोबर लेखकाचं, रंग भरणाऱ्याचं आणि फुग्यांतली अक्षरं लिहिणाऱ्याचंही नाव घाला.